एका दिवसाची फी

—नाही, नाही, बोलू नका सर. पट्टा बांधलेला असताना बोललं की आकडा वर जातो. हात सैल सोडा. बेटी, दार लोटून घे गं, आत कुणाला सोडू नकोस. ठाऊक आहे मला, तुम्हाला गप्प बसायची सवय नाही — शाळेत आम्ही गप्प आणि एडवर्ड सर बोलतायत — आज उलटं. हां, झालं. बीपी ठीक आहे, पन्नाशीच्या मास्तराचं असावं तसं. आता शर्ट काढा आणि त्या टेबलावर बसा. फॉर्म वाचला हो मी. किलीमांजारो. परत. तिकडची कंपनी डॉक्टरच्या सहीशिवाय पार्कात तुमचं नाव देत नाही, आणि नाव दिल्याशिवाय परमिट नाही — कळलं. अठ्ठ्याण्णवला नव्हतं असं काही, नाही का? तेव्हा लीडरने नुसतं म्हटलं, सगळे फिट आहेत, की झालं. प्लासिडच्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात.

दचकलात का? तुमचे ठोके माझ्या कानात आहेत सर, माझ्यापासून काय लपणार? भावाचं नाव घेतलं, दुसरं काय केलं मी? इथे एव्हरशाईनच्या वस्तीत डॉक्टरांची कमी आहे थोडीच, पण तुम्ही माझ्याकडेच आलात — आपल्या नंदाखाल गावची कॅथरिन, आपल्या हाताखाली शिकलेली, पैसे घेणार नाही, तपासल्यासारखं करून सही देईल. बरोबर ना? नाहीच घेणार पैसे. आपल्या दोघांत फीचा विषय नको — की काढूया? काढूयाच. मोठा श्वास घ्या. सोडा. परत.

मार्सेल आला होता, तुमच्या तेव्हाच्या टीममधला. गेल्या महिन्यात, कंबर धरून, ह्याच टेबलावर. ह्या वेळी तो तुमच्याबरोबर का येत नाही, विचारलंत कधी? मी विचारलंही नाही, त्यानेच सांगितलं. नऊ वर्षं पोटात ठेवलं होतं बिचाऱ्याने, माझ्यासमोर मुलासारखा रडला. तो म्हणाला, त्या पार्कात दिवसाची फी असते — माणशी, दिवसागणिक, मुक्कामाची वेगळी — म्हणून सहा दिवसांचं काम सरांनी पाचात बसवलं. मधला एक दिवस नुसता थांबायचा असतो, अंगाला उंचीची सवय व्हावी म्हणून, तोच काढून टाकला. वाचलेल्या पैशांत सगळ्यांना सफारी. सगळे खूश. आणि मग शेवटच्या मुक्कामावर प्लासिड तुमच्यापुढे येऊन उभा राहिला — सर, डोकं फुटतंय, उलट्या थांबत नाहीत, एक दिवस थांबू या नाहीतर मला खाली पाठवा. गाईडसुद्धा म्हणाला, ह्याला उतरवा. आणि तुम्ही? ‘एक दिवस वाढला तर सगळ्यांची फी वाढते प्लासिड, आणि तुला उतरवायचं तर गाईड जाणार, सगळ्यांची चढाई जाणार. तुझ्या एकट्यासाठी?’ असंच म्हणालात ना? आमचा प्लासिड पहिल्यापासून भिडस्त. ताटात वाढलेलं नको म्हणायचा नाही कधी, तुम्हाला काय नको म्हणणार? चालला. उतरताना बसला तो परत उठला नाही.

आणि सफारी केलीतच तुम्ही. पैसे परत मिळणार नव्हते ना! माझा भाऊ तिकडच्या शवागारात कागदांची वाट बघत पडला होता आणि तुम्ही हत्ती बघत होतात. नंतर चर्चच्या हॉलमध्ये दाखवलेत की फोटो, श्रद्धांजली म्हणून, मी पुढच्याच रांगेत होते. हत्तीसुद्धा होते त्यात.

ते हत्ती मी माफ केले असते. खरंच केले असते. पाठ करा इकडे — पण आईला काय सांगितलंत? पेटी दारात आली, आई तिच्यावर आडवी पडलेली, आणि तुम्ही तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलंत, ‘पोराने आजार लपवला हो, एक शब्द बोलला असता तर मी पाठीवर घेऊन उतरवला असता.’ आईने ते खरं धरलं. सर बोलले म्हणजे खरंच! दर रविवारी चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा द्यायची आणि घरी येऊन त्याच्या फोटोशी भांडायची — का नाही बोललास रे, सरांना का नाही सांगितलंस? केळी सुकवून तिने बांधून दिलेली सुकेळ्यांची पुडी त्याच्या सामानातून तशीच परत आली, तेव्हापासून घरात सुकेळी केली नाहीत तिने. भांडत भांडतच गेली. मेलेल्या मुलावर रुसून मेली माझी आई, सर. त्याचा राग आहे मला. इतका राग आहे, की मघाशी तुम्ही फॉर्म घेऊन दारात दिसलात ना, मी मरियामातेचे आभार मानले.

श्वास रोखा. हलू नका. …थांबा. …परत एकदा, रोखा. …हं.

काही नाही. घाला शर्ट. काय ऐकलं म्हणजे? ठोके ऐकले. जिना चढताना दम लागतो तुम्हाला? छातीत आवळल्यासारखं होतं कधी? नाही? नक्की नाही? बरं, लिहिते मी — पेशंटची काही तक्रार नाही. इथे करा सही. ही माझी. हा शिक्का. फिट.

घ्या. मी अडवीन असं वाटलं होतं? अडवून काय मिळालं असतं, गावभर सांगत फिरला असतात, कॅथरिनने भावाचा सूड काढला. तुमच्याबरोबर येणारे बाकीचे माझ्याकडूनच तपासून गेलेत, त्यांना बजावून सांगितलंय मी, मधल्या दिवसाची फी वेगळी बांधून ठेवा, थांबल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. ते थांबतील. तुम्ही नका थांबू. कशाला उगाच फी भरायची?

चेहरा का उतरला? ऐकलं असेल मी काहीतरी. नसेलही. मी एक शब्द बोलले तर सुटाल, खरं आहे, पण प्लासिडने कितीतरी शब्द खर्चले होते तुमच्यापुढे. दुसऱ्या डॉक्टरकडे जाल? जा की. तो म्हणेल, काही नाही. मीही तेच म्हटलं — काही नाही. डॉक्टरने असं वागू नये, मला कळतं, फादरांपुढे गुडघे टेकून मी बघून घेईन माझं. तुम्ही चढा. दर पावलाला छातीवर हात ठेवून, ऐकत ऐकत चढा. आणि वर काही झालंच, तर नंदाखालला घरोघर जाऊन मी सांगेन, तुमच्या बायकोच्या खांद्यावर हात ठेवून सांगेन — सरांनी लपवलं हो, एक शब्द बोलले नाहीत.

घ्या ना कागद, ह्याचसाठी आला होतात. …अहो, परत बटणं कसली काढताय? तपासणी झाली. बेटी, पुढच्या पेशंटला पाठव.