पँट खाली असताना

देवळ्याच्या गाडीची वाट बघत प्रतिभाबाई नाशिकच्या स्टँडवर पेपर वाचत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर मायलेकी स्थळ बघायला निघालेल्या. मुलाकडच्यांना इंग्रजी येणारी सून हवी होती, म्हणून लेक पुस्तकातून इंग्रजी वाक्प्रचार अर्थासकट पाठ करत होती.

"आई, हा ऐक. पँट खाली असताना सापडणं."

"शी! असलं शिकवतात कालिजात?"

"अगं, म्हणजे तयारी नसताना सापडणं."

"तयारी कशी नसंल? टमरेल घेऊनच जातो ना माणूस?"

"आई, हळू बोल!"

प्रतिभाबाईंनी हसू पेपराआड लपवलं.

"आन् साहेब लोक उघड्यावर बसत्यात व्हय?"

"नाही गं, नुसती बोलायची पद्धत आहे."

"आपल्याकडं नुसती बोलायची नाय. रस्त्यानं गाडीचा उजेड आला का रोज उठून उभं ऱ्हावं लागतं आपल्याला."

प्रतिभाबाईंनी पेपर खाली घेतला. मुलीनं पुस्तक मिटलं.

"आई, त्यांच्याकडं गेल्यावर एक विचारशील?"

"पगार? तुझ्या बापानं विचारलाय."

"पगार नाही. घरात संडास आहे का ते."

"पोहे खाताखाता? कसंनुसं होईल त्यांना."

"होऊ दे. माझी इंग्रजी बघणार ना ते? आपणही त्यांची तयारी बघू."