चाळीस फेऱ्या बायकांच्याही

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, सायकल क्लबचे सभासद आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, शर्यतीत उतरणाऱ्या माझ्या मुलींनो,

आत्ता माझ्याविषयी इतकं गोड बोललं गेलं, की मला वाटलं मी गेलेच की काय! सव्वीस वर्षं मी इथली मुख्य पंच आहे. ‘होते’ म्हणणार नाही. महिना संपायला, म्हणजे मी निवृत्त व्हायला, अजून नऊ दिवस आहेत.

पाहुण्यांसाठी थोडं सांगते. बाजारपेठेला वळसा घालणारा आपला रस्ता जेमतेम एक किलोमीटरचा, पण त्यावर सायकलच्या शर्यती तीन तऱ्हेच्या. साध्या शर्यतीत शेवटी रेषेवर जो पुढे, तो जिंकला. गाळणीत दर फेरीला शेवटचा बाहेर. तिथे दमापेक्षा धक्काबुक्की जास्त. आणि गुणांच्या शर्यतीत फेऱ्या चाळीस, दर पाचव्या फेरीला पहिल्या चौघांना गुण. मागे पडलात? पुन्हा कमवा.

फार वर्षांपूर्वी मी फळ्यावर गुण लिहायला उभी असायची. एकदा सातव्या क्रमांकाने रेषा ओलांडून एक घामाघूम गृहस्थ आले. “ओ ताई, जिंकलं कोण?” म्हटलं, “तुम्हीच!” बेरजेत ते सगळ्यांच्या पुढे होते. मला ताई म्हणणाऱ्या त्या माणसाशी पुढे मी संसार केला. साधी शर्यत ते जन्मात जिंकले नाहीत.

आणि बायकांना आपण काय देतो? फक्त गाळणी. का? “वीस मिनिटांत उरकते, रस्ता मोकळा होतो.” हे आपल्या समितीचं उत्तर. मी गुणांच्या शर्यतीचा आग्रह धरला, तर अध्यक्ष म्हणाले, “बाई, लोकांना बेरीज कळत नाही.” लोकांना, की आपल्याला?

गेल्या महिन्यात इस्पितळातली एक नर्स रात्रपाळी करून थेट शर्यतीला आली. बेकरीच्या वळणावर दोघींच्या मध्ये अडकली आणि शेवटची राहिली. तिसऱ्याच फेरीला मी शिट्टी वाजवून तिला बाहेर काढलं. सायकल हातात धरून ती माझ्यासमोर उभी राहिली. “बाई, मी अजून दमलेसुद्धा नाहीये. मला का काढलंत?” मी म्हटलं, “नियम आहे.” घरी गेले आणि मोजत बसले. सव्वीस वर्षांत अशा किती जणींना मी न दमता घरी पाठवलं असेल?

तर ऐका. दर रविवारचा कार्यक्रम मुख्य पंचाने लिहायचा आणि अध्यक्षांनी सही करायची, हा आपलाच नियम. येत्या रविवारसाठी मी लिहिलंय : महिला, गुणांची शर्यत, फेऱ्या चाळीस. अध्यक्षांनी दुपारी सही केली. नेहमीसारखी, न वाचता. हसू नका, तेही हसतायत बघा... नाही, हसत नाहीयेत. कागद बाहेरच्या फलकावर लावलाय. अकरा जणींनी नावं दिली आहेत, पहिलं नर्सबाईंचं.

कुणाला तो कागद फाडायचा असेल, तर या मुलींच्या देखत फाडावा. मी इथेच बसले आहे.

आपण सगळे आलात, मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करा. रविवारच्या शर्यतीबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही. सकाळी सात वाजता रेषेवर या.