बायडाक्काचा पासवर्ड

निपाणी स्टँडवर कोल्हापूर गाडीच्या रांगेत माझ्यापुढं बिडी कारखान्याचे कारकून आण्णाप्पा आणि तिथलं वाय-फाय सांभाळणारी नीलम उभी होती.

"आण्णा, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिलाय. तरी सगळे बायडाबाईंच्याच नावानं का शिरतात?"

"आमचं आम्हास्नी ध्यानात ऱ्हात न्हाय गं. तिचा पासवर्ड म्हंजे नातवाचं नाव, सगळ्यांस्नी पाठ."

"पण त्यांनी पाडव्यालाच काम सोडलं की! नाव बंद करायला पायजे. उद्या कोणीबी शिरंल."

"बंद करू नगं. दुपारी कारखान्याच्या कट्ट्यावर बसून ती बेंगळूरच्या नातवाला फोनवर बघती."

"बरं, मग पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय असतंय, त्यात घालते त्यांना."

"पाहुणी? ती बिड्या वळाय आलती, तवा आमचं मालक पाळण्यात हुतं!"