नागीण नाय ती

हॅलो?

…हां. सुचलं एकदाचं फोन करायला! सकाळपासून मी सात वेळा केला… रविवार हाय, झोपला होतास. बरं. झोप. मला इकडं सदतिसावा आठवडा लागलाय आणि तू झोप!

थांब जरा… मालू, अंगणात जाऊन बस गो थोडी. ताईला बोलू दे, नि दार ओढून घे… हां, बोल आता. माझ्या गोळ्या कुठंयत?

…कसल्या काय? दिवसातनं तीनदा घ्यायच्या, त्या! काल तूच पिशवी भरलीस, तूच मला पेणच्या गाडीत बसवलंस. माहेरी येऊन रात्री बघते तर गोळ्या नायत, डॉक्टरांची चिठ्ठी नाय. त्या जागी गेरूची पुडी!

…आईंनी काढल्या? का? …कोण, काळुराम भगत? त्यानं सांगितलं? …थांब, थांब. म्हणजे परवा तो माझ्या कमरेवर गेरू ओढून पुटपुटून गेला, ती दृष्ट नव्हती? मला तर तू म्हणालास, दृष्ट काढतायत, गप बस…

नागीण? तू आईंना नागीण म्हणून सांगितलंस?

…दुसरं काय सुचलं नाय. वा! …हो, हो, ऐकते… नागिणीवर गोळी घेतली की ती आत वळते. तिचं तोंड नि शेपूट मिळालं की बाई दगावते. म्हणून आईंनी भीतीनं काढून घेतल्या… कळलं. अरे, मला त्यांचा राग नाय! त्यांनी माझ्या काळजीपोटी केलं. मला राग तुझा येतोय, तुझा!

…हळू? मी का हळू बोलू?

नाय, आता तू ऐक. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं का नाय? हा खालचा हर्पीस हाय, नवरा-बायकोच्या संबंधातनं लागणारा, नागीण वेगळी. अंगातनं जात नाय, गोळीनं दबून राहतो. बाळंतपणाच्या वेळी खाली फोड असला नि बाळाला लागलं, तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. फोड दिसला तर सिझर करावं लागेल. म्हणून छत्तिसाव्या आठवड्यापासून गोळी, ती बाळंत होईस्तोवर. बाळाला चालते का, हे तूच विचारलंस ना? त्या म्हणाल्या, चालते, फक्त चुकवू नका. तेव्हा कशी मान डोलवत होतास! दोन चुकल्या माझ्या. रात्रीची नि सकाळची.

…छे, दोन एकदम नाय घ्यायच्या! आठवली की एक घ्यायची नि पुढं चालू ठेवायची. पण घेऊ काय? गेरू?

…पेणात चिठ्ठीशिवाय नाय देत. दवाखाना आज बंद, बाईंचा फोन लागत नाय. मग? गाडी काढ नि वरसेतनं नीघ… उद्या? डोलवीला शिफ्टला येशील तेव्हा? अरे, तोवर अजून तीन चुकतील!

…आई विचारतील कुठं चाललास? मग सांग ना!

…लाज वाटते. हां. आणि मला? अंगावर काय तरी उठलंय म्हणून आठ दिवस माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा, टॉवेल वेगळ्या दोरीवर. शेजारची धोंडुबाई मला बघून ओटीवरनं उठून गेली. मी गप. का, तर तुझं नाव नको यायला. लग्नाआधीचं तुझं दुखणं, तू मला सांगितलं नायस, मला लागलं. तरी माफ केलं. दवाखान्याच्या बाकावर बसून माफ केलं मी तुला. पण ही नागीण माझ्या अंगावर ढकललीस ना, ते नाय माफ!

…आई घरातच हायत. भांडी वाजतायत, मला ऐकू येतंय. स्पीकर लाव… नाय लावत? बरं. मी आत्ता बाबांना पाठवते वरसेला. ते तुझ्या ओटीवर बसून विचारतील, जावईबापू, कशाच्या गोळ्या? …हां. लाव.

…लावला? आई, मी निशिगंधा… बरी हाय हो… बाळ हलतंय ना, चांगलं हलतंय… आई, ह्यांना तुमच्याशी बोलायचंय.

…सांग. …सांग ना, नितेश. हो, घेतलं नाव, आईंसमोर घेतलं. बोल.

…नागीण नाय. हां. पुढं? …आधी कुणाला होतं? …मोठ्यानं.

…हां.

आई? …आई, ऐकताय ना? …नाय, रडू नका. तुमचं काय चुकलं त्यात? गोळी वेळेवर गेली की बाळ सुखरूप, असं डॉक्टरीणबाई सांगतात… कुठं? तांदळाच्या डब्यात? चिठ्ठी पण? …फेकल्या नायत ना, मग झालं.

…तुम्ही स्वतः येता? एवढ्या उन्हात? …बरं, या. ह्यांच्या मागं बसून आत्ताच निघा. नागोठण्याला थांबू नका कुठं. नि गोळ्या तुमच्या पदराला बांधा, ह्यांच्याकडे देऊ नका.

…काय? ह्यांना आता वेगळं ताट? …नाय आई, कुणालाच नको. ताटानं, तांब्यानं नाय लागत हा.

…पण आई, येताना माझं ते वेगळं ताट तेवढं पिशवीत टाका… हो, तेच, कोपरा चेपलेलं. दुपारी इथंच जेवणार ना तुम्ही? सगळे पंगतीला बसतील, बाबा, मालू, तुम्ही. ह्यांना त्यात वाढते… नाय हो, म्हटलं ना, रोग नाय लागत त्यानं. घास घशाखाली उतरत नाय, एवढंच. एकदा बघू दे ह्यांना.

…या. वाट बघते. ठेवते.