अर्ध्यावर राहिलेला परीक्षेचा तास

बी.पी.एड.च्या परीक्षेतला माझा तास अर्ध्यावरच राहिला होता, हे तुम्हाला मी कधी सांगितलंच नाही ना? जामसंड्याच्या एका शाळेत सातवीला रिले शिकवायची होती. परीक्षक मॅडम मैदानाच्या कडेला वही घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्याच फेरीत सानिका नावाची मुलगी धावताना थांबली.

"बाई, माका दम लागता."

तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी तिला सावलीत, जरा पुढे वाकवून बसवलं आणि तिच्या मैत्रिणीला सांगितलं, "तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात दम्याचो पंप आसा, धावत घेवन ये!"

पंप घेतल्यावर थोड्या वेळाने सानिका हसली, पण तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. मला वाटलं, गेले मार्क. तरी मी केलं ते बरोबरच होतं.

मॅडमनी विचारलं, "पंप कुठे असतो, हे तुला कसं ठाऊक?"

"काल येऊन प्रत्येकाला विचारलं होतं, मॅडम. कोणाला काय त्रास आहे ते माहीत नसताना पळवणार कशी?"

मॅडमनी वही मिटली. "मग आजचा तास तू कालच घेतलास. पास!"