ट्रॉलीचे हात

माझं माहेर पैठणकडचं, धरणाच्या खालच्या अंगाला. बापाला आम्ही चार लेकी, पोरगा नाय, अन् ऊस मात्र लई. मी थोरली. बाप ट्रॅक्टरवर ड्रायव्हर ठेवायचा अन् तो ड्रायव्हर थोड्या दिवसात भांडून पळायचा, कारण माह्या बापाचं तोंड लई वाईट, अन् तेच तोंड मला आलंय असं आमचे हे म्हणतात, म्हणू द्या. तर ड्रायव्हर पळाला की बाप म्हणायचा, सुमन, चढ वर. मी चढायची. ऊस भरायचा, कारखान्याच्या रांगेत लावायचा, खाली करायचा, परत यायचं. रांगेतले बाप्ये माह्याकडं बघत राहायचे. बघा म्हणलं, डोळे भरून बघा.

आता ट्रॉली मागं कशी घेतात ते तुम्हाला सांगावं लागंल ताई, कारण पुढचं समदं त्याच्यावरच हाय. ट्रॉलीचं ढुंगण डावीकडं न्यायचं असलं तर स्टेरिंग उजवीकडं फिरवायचं, अन् उजवीकडं न्यायचं असलं तर डावीकडं. समदं उलटं. आरसा-बिरसा काय नाय, सीटवर कंबरेतून मागं वळायचं, एक हात मडगार्डवर, नजर ट्रॉलीवर. भल्याभल्यांना जमत नाय, त्यांची ट्रॉली चिमट्यासारखी मिटून बसती. मला जमायचं. डोक्यानं नाय हो, हातानंच. हात आपले आपण फिरायचे.

मग कारखान्याच्या गेटवर लायसन विचारायला लागले. मला अठरा भरले अन् बापानं मला हितं शहरात आणून लहान गाडीचं लायसन काढून दिलं. दोन वेण्या घातलेला फोटो हाय त्याच्यावर. त्यानंतर लग्न झालं, मी मुकुंदवाडीत आले, ट्रॅक्टर सुटला, लायसन पत्र्याच्या पेटीत गेलं. मी एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. आमचे हे बसवर, शेंद्र्याच्या कंपनीत बाया कामाला जातात ना, त्यांना नेणं-आणणं. बस चाचांची. चाचा म्हणजे मालक, त्यांच्या चार-पाच गाड्या कंपन्यांना लावलेल्या. पण बस उभी राहायची आमच्या गल्लीच्या तोंडाला, मोकळ्या जागेत, अन् हे तिला रोज असं पुसायचे की मी म्हणायची, एवढं मला कधी पुसलं नाय.

ह्यांना साखर हाय. साखरेनं डाव्या डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरलं, अन् ह्यांनी मला सांगितलं नाय. मला कळलं जेवताना. ताटात डावीकडं चटणी वाढलेली अन् हे म्हणतात, आज चटणी नाय का. मी म्हणलं, समोर तर हाय. तर हे मान वळवून बघायला लागले, कोंबडं बघतं तसं. म्हणलं, कधीपासून? तर म्हणले, काय नाय, थोडं धुरकट दिसतंय.

अन् त्याच महिन्यात ह्यांच्या लायसनची मुदत. धंद्याची गाडी ना ताई, घरच्या गाडीसारखं नाय, मधूनमधून डॉक्टरकडं जायचं, डोळे, कान, हातपाय समदं तपासायचं, डॉक्टरची सही असली तरच मुदत वाढती. मी म्हणलं, मी येते संगं. नको म्हणले, तरी मी गेले. डॉक्टर म्हणले, काका, उजवा डोळा झाका अन् भिंतीवरलं वाचा. ह्यांनी धडाधड वाचलं, वरपासून खालपर्यंत. मी खुश झाले, म्हणलं आपलं काय तरी चुकलं, दिसतंय की माणसाला. डॉक्टर उठले, तक्ता काढला, उलटा करून परत लावला. म्हणले, आता वाचा. ह्यांना एक अक्षर लागंना. मागल्या खेपेपासून पाठ करून ठेवलं व्हतं ह्यांनी, काय सांगू तुम्हाला. डॉक्टर म्हणले, काका, तुम्ही माणसं भरून नेता. एवढंच म्हणले, वरडले नाय, अन् सही केली नाय. वरडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

चाचा घरी आले. हे खाली मान घालून बसलेले. चाचा म्हणले, भाऊ, मैं तुमको निकालता नै, मगर बिना लायसन गाडी कैसा देऊं, जुलै से कंपनी का नवा करार है, तब तक बदली ड्रायवर से चलाता, फिर किसी को पक्की देना पडता. घर में कोई है चलानेवाला? हे म्हणले, कोण असणार, दोन पोरी, शाळेतल्या. मी चहा घेऊन दारात उभी. म्हणलं, मी हाय. चाचा हसले नायत. हसले असते तर चहा घेऊन मी परत आत गेले असते. ते म्हणले, भाभी, हेवी का लायसन होना, बॅज होना, जुलै के पहले. लाओ, चाबी लो. बाया ही बैठते गाडी में, अच्छाच है.

चाचा गेले. हे माह्याशी बोलंनात. पाठ करून जेवायचे. मी म्हणलं, काऊन बोलत नाय? तर म्हणले, माह्या सीटवर तू बसणार. म्हणलं, मग काय चुलत्याला बसवू? पोरगा असता अन् तो बसला असता तर पेढे वाटले असते तुम्ही. हे उठून बाहेर गेले, बसपाशी जाऊन उभे राहिले. मला वाईट वाटलं, पण शब्द गेला व्हता तोंडातून. अन् वाईट वाटून करता काय, पोळ्यांवर घर चालत नाय, ह्यांची औषधं, पोरींची शाळा. बस गेली की समदं गेलं, एवढं मला कळत व्हतं.

मग मी लागले मागं. मोठ्या गाडीचं लायसन पाहिजे तर आधी लहान गाडीचं वरीसभर जुनं पाहिजे. म्हणलं हे घ्या, चांगलं जुनंपानं हाय. तर त्याच्यावर बापाचं नाव अन् आधारवर नवऱ्याचं. आरटीओच्या खिडकीतल्या बाई म्हणल्या, ही वेण्यांवाली तुम्हीच कशावरून? चांगल्या व्हत्या त्या, रस्ता सांगितला, लग्नाचा दाखला आणा म्हणल्या. लग्नाचा दाखला कुणी काढला व्हता आमच्यात? गेले पैठणला एसटीनं, तिथून गावात. आईनं माझी लग्नपत्रिका साडीच्या घडीत जपून ठेवलेली, ती दाखवून ग्रामपंचायतीतून दाखला काढला. मग डॉक्टर. तेच डॉक्टर, तोच तक्ता. मी खालची बारीक ओळ सुद्धा वाचली, अन् वाचताना लाज वाटली हो, चोरी केल्यासारखी. मग कच्चं लायसन, मग मोटार ट्रेनिंग स्कूल, कारण त्यांचं सर्टिफिकेट असल्याशिवाय मोठ्या गाडीची टेस्टच नाय. गारखेड्याकडून मास्तर यायचे ट्रक घेऊन. मला बघून म्हणले, ताई, पाय पुरतील का? म्हणलं, मास्तर, पाय पुरतात, तुम्ही बसा गुमान. पुरले. ट्रक मला कुत्र्याच्या पिल्लासारखा वळायला लागला. ट्रकला ट्रॉली नाय, त्याचं सरळ, ढुंगण जिकडं न्यायचं तिकडंच स्टेरिंग; मागं घेताना मास्तर बाजूला बसून बोलायचे, डावी मार, उजवी मार, अन् मी मारायची. मला वाटलं, झालं, आलं.

टेस्टच्या दिवशी हे आले नाय. मी येत नाय, म्हणले, लोकं बघतात. मी एकटीच. मैदानावर समदे बाप्ये, अन् ट्रकवर बाई चढली म्हणल्यावर समदे कामं सोडून उभे. पुढं चालवली, चढावर थांबवली, परत उचलली, साहेब मान हलवत व्हते. मग म्हणले, आता खांबांमधून मागं घ्या. मास्तर बाजूला नाय, कुणी बोलणारं नाय. अन् मी काय केलं असंल? कंबरेतून मागं वळले. खिडकीतून डोकं काढलं, मागं बघितलं, अन् हात फिरले. उलटे फिरले. गाडीचं ढुंगण डावीकडं न्यायचं तर मी स्टेरिंग उजवीकडं मारलं, जोरात, ट्रॉलीला मारतात तसं. खांब कडाड करून आडवा. पोरं हसली. साहेब म्हणले, ताई, आठ दिवसांनी या. म्हणलं, साहेब, मला येतंय हो. ते म्हणले, येत असंल, पण खांब पडला. खांब पडला ते खरंच व्हतं.

घरापर्यंत मी रडत आले. रिक्षावाल्यानं सुद्धा पाणी दिलं. आठ दिवसांनी म्हणजे जुलै लागायला आलाच, त्यात बॅजसाठी, म्हणजे पॅसेंजर न्यायच्या बिल्ल्यासाठी, पोलिसांची चौकशी राहिलेली, अन् चाचांच्या दारात दुसरा ड्रायव्हर येऊन बसलेला. घरात आले अन् पर्स फेकली. हे खाटेवर. म्हणलं, झालं तुमच्या मनासारखं, बसा आता. ह्यांनी ऐकून घेतलं. मग इतक्या दिवसात पहिल्यांदा माह्याकडं तोंड करून म्हणले, मान कुठं व्हती तुझी? म्हणलं, मान काय करायचीय? नाय, सांग, मान कुठं व्हती. म्हणलं, मागं व्हती, खांबाकडं. हे म्हणले, तिथंच झालं. मागं वळलीस की हात ट्रॉलीचे होतात. मोठी गाडी आरशात बघून मागं घेत्यात. मागं वळून बघायचंच नाय.

ताई, मास्तरला कळलं नाय ते ह्यांना खाटेवर बसून कळलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात तमाशा. मी पाटावर, हातात परात, परात म्हणजे स्टेरिंग. एक पोरगी डावीकडं आरसा धरून, एक उजवीकडं. हे माह्या पाठीमागं काठी घेऊन खांब होऊन उभे, अन् वरडायचे, डावीकडं ने ढुंगण! मी परात फिरवायची. मान वळली की काठी खांद्याला. शेजारच्या बाया पोटं धरून हसायच्या. हसा म्हणलं. झोपेत सुद्धा माझे हात फिरायचे, पोरी सांगायच्या.

दुसऱ्या टेस्टला हे आले. मैदानाच्या कडेला भिंत हाय, तिथं उभे राहिले. मी चढले. साहेब काय बोलले ते मला दोनदा विचारावं लागलं. पुढचं समदं नीट झालं. मग मागं घ्या म्हणले. गिअर टाकला, अन् खरं सांगते, हात गेला. उजवीकडं गेला, सवयीनं. मी गच्चकन ब्रेक मारला. साहेब म्हणले, काय झालं? म्हणलं, साहेब, जरा थांबते. ते म्हणले, थांबा की, थांबायला बंदी नाय, खांब पडला नाय पाहिजे. मी दोन्ही हात स्टेरिंगवरून काढले, पदराला पुसले. मान ताठ केली. आरशात बघितलं. डाव्या आरशात खांब, अन् खांबाच्या मागं भिंत, अन् भिंतीपाशी आमचे हे, माह्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून उभे. बघवंना झालं व्हतं माणसाला. मला काय झालं ठाऊक नाय, भीती गेली असं नाय म्हणणार, पण म्हणलं ह्या माणसाला तोंड फिरवायला लावायचं आपण. अन् घेतली मागं. हळू, हळू, आरशातून नजर काढली नाय. गाडी थांबली. साहेब काय तरी लिहीत व्हते. मग म्हणले, ताई, उतरा आता, पास.

मी खाली उतरून ह्यांच्यापाशी गेले. अजून भिंतीकडंच तोंड. म्हणले, पडला का खांब? म्हणलं, बघा की मागं वळून. त्यांनी वळून बघितलं, चांगल्या डोळ्यानं एकेक खांब बघितला, अन् मग खाली बसले, धुळीतच.

बॅज आला, चाचांनी चाबी दिली, दुसऱ्या ड्रायव्हरला दुसरी गाडी मिळाली, देव त्याचं भलं करो. आता मी चालवते शेंद्र्याची गाडी. बाया बसतात, गाणी म्हणतात, माझं तोंड वाईट म्हणून वेळेवर येतात. मला सुद्धा पाच वर्षांनी त्याच डॉक्टरपुढं बसायचंय, तवा माझे डोळे कसे राहतात कुणाला ठाऊक, राहतील तेवढे दिवस चालवायची. हे पहाटे उठून डबा करतात, पोळ्या अजून गोल येत नायत, पण करतात. काचा पुसून ठेवतात. मी गाडी काढते तवा दारात येत नायत. आत भांडी वाजवत बसतात.

अन् रविवारी गाडी उभी असती, गल्लीच्या तोंडाला. एका रविवारी हे घरात दिसंनात म्हणून मी बघायला गेले, तर हे सीटवर बसलेले, स्टेरिंगवर हात, गाडी बंद, चाबी माह्याकडं. मी परत फिरणार व्हते, पण त्यांनी आरशात मला बघितलं. मग मी दार उघडून चढले, अन् पहिल्या बाकड्यावर पॅसेंजरसारखी बसले, पदर नीट केला. आता दर रविवारी बसते. पोरी हसतात, हसू द्या. हे समोर बघत विचारतात, कुठं उतरायचं बाई? मी म्हणते, उतरायचं नाय, चालू द्या.