एकाच वळणावर तापणारा ट्रक

महाडच्या स्पेअरपार्टच्या दुकानात श्रुतिका स्कूटीच्या ब्रेकवायरसाठी उभी होती. तिच्या पुढं पोलादपूरकडचे चांगूबाबा आणि त्यांचा ट्रक चालवणारा मुलगा दीपेश. ट्रकचा जुना थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की उघडून थंड पाणी खेळवणारी झडप, दुकानदारानं नुकताच शेजारच्या चहावाल्याकडं उकळत्या पाण्यात धरून बघितला होता.

“बाबा, हा तर बरोबर उघडतोय. बदलताय कशाला?” दुकानदार म्हणाला.

“पोरगा रोज उशिरा येतो. म्हणतो, गाडी तापते.”

“कुठं तापते रे, दीपेश?”

“कुडपणच्या चढाला. मधल्या वळणावर.”

“माल भरलेला असला की?”

“रिकामीपण तापते.”

“आणि येताना?”

“येतानापण तिथंच.”

“उताराला कशी तापंल रे?” चांगूबाबा मध्येच म्हणाले.

“काय ठावं, बाबा. थांबून पाणी घालावं लागतं.”

“पाणी कुठनं आणतोस?” चांगूबाबांनीच विचारलं.

“हाय तिथं एक घर.”

“घरात कोण हाय?”

“सुप्रिया. म्हंजे... तिची आईपण असते.”

वायर हातात पडली तरी श्रुतिका जागची हलली नाही.

“मग काय बाबा, लवकर उघडणारा नवा देऊ?”

“नको. जुनाच ऱ्हाऊ दे. रविवारी तुझ्या आयशीला घेऊन मीपण गाडीत बसतो, दीपेश. त्या वळणावर तापली पायजे हां!”